सरकारी वकील शिक्षेसाठीच असतो?

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाबाहेर कोणालाही विचारा, बहुतेक जण सांगतील की सरकारी वकिलाचं काम आरोपीला शिक्षा लावणं. आरोपी सुटला, की तो हरला. हा समज चुकीचा आहे आणि घातकही.

वकिलांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमच आहे: फिर्यादी पक्षाचा खटला असा चालवावा की निर्दोष माणसाला शिक्षा होणार नाही. आरोपीचं निर्दोषत्व दाखवू शकेल असा पुरावा दडवू नये. सरकारी वकील तपास यंत्रणेचा भाग नाही, असं सुप्रीम कोर्टानं 1994 मध्ये हितेंद्र विष्णू ठाकूर खटल्यात स्पष्ट केलं.

पुरावा दडला तर काय होतं? महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सहा जणांना 2009 मध्ये सुप्रीम कोर्टातही फाशीची शिक्षा झाली. प्रत्यक्षदर्शीनं पोलिसांच्या फोटोंतून या सहांपैकी नसलेले दुसरेच चार जण ओळखले होते. त्या चौघांवर खटलाच भरला नव्हता. 2019 मध्ये त्याच कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी 5 लाखांची भरपाई दिली. पण तुरुंगातली 16 वर्षं? ती कोण देणार?

आपला नियम मुख्यतः चालू खटल्याबद्दल बोलतो. अमेरिकन बार असोसिएशननं 2008 मध्ये आदर्श नियमांत पुढची पायरीही घातली: शिक्षेनंतर निर्दोषत्वाचा ठोस पुरावा हाती आला, तर तो उघड करणं आणि चूक सुधारण्यासाठी पाऊल उचलणं हेही सरकारी वकिलाचंच कर्तव्य. असा स्पष्ट नियम आपल्याकडेही हवा, आणि तो मागण्याची सुरुवात नागपूरच्या वकिलांनी करावी.