चेफू शाळा

चेफू शाळा : चीनच्या शांडोंग प्रांतातील चेफू (सध्याचे यानताय) बंदरात चायना इनलँड मिशन या प्रॉटेस्टंट संस्थेने चालविलेली इंग्रजी माध्यमाची निवासी शाळा. चेफू हे वस्तुतः बंदरालगतच्या द्वीपकल्पाचे नाव. परदेशी लोकांनी ते सबंध शहराला लावले, आणि शाळेच्या नावात ते शहराबाहेरही टिकून राहिले.

शाळेचे संस्थापक हडसन टेलर (१८३२–१९०५) यांनी १८६५ मध्ये ही मिशनरी संस्था स्थापन केली होती. प्रकृतिस्वास्थ्यासाठी ते १८७९ मध्ये चेफूच्या समुद्रकिनारी राहिले असताना शाळेची कल्पना आकारास आली, असे सामान्यतः मानले जाते. स्थापनेचे वर्ष काही लेखक १८८०, तर काही १८८१ देतात. शाळेची आखणी आणि प्रत्यक्ष अध्यापन यांपैकी कशाला आरंभ मानावे, यावरून हा फरक पडला असावा. अध्यापनाच्या दृष्टीने १८८१ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. संस्थेचे कार्यकर्ते ठरावीक वेतन घेत नसत, त्यामुळे मुलांना शिक्षणासाठी मायदेशी धाडणे त्यांना परवडणारे नव्हते. पुढे मुलगे, मुली व लहान मुले यांचे स्वतंत्र विभाग झाले आणि परदेशी व्यापाऱ्यांच्या मुलांनाही प्रवेश मिळू लागला. लेखक थॉर्नटन वाइल्डर आणि ‘टाइम’ साप्ताहिकाचे सहसंस्थापक हेन्री ल्यूस हे येथील माजी विद्यार्थी होत.

दैनंदिन प्रार्थना व बायबलचे वाचन यांबरोबरच ऑक्सफर्डच्या परीक्षांची तयारी, क्रिकेट व नौकानयन असा शाळेचा दिनक्रम होता. देशाच्या अंतर्भागात राहणाऱ्या आईवडिलांची भेट मुलांना दीर्घकाळ होत नसे. चीनमध्येच वाढणाऱ्या या मुलांच्या अभ्यासात चिनी भाषेला मात्र फारसे स्थान नव्हते. शाळेचे स्वरूप ओळखण्यास ही एकच गोष्ट पुरेशी आहे.

पॅसिफिक युद्ध सुरू झाल्यावर जपानी सैन्याने शाळेचा ताबा घेतला. नोव्हेंबर १९४२ मध्ये शिक्षक व विद्यार्थ्यांना चेफूतीलच टेंपल हिल येथे, तर सप्टेंबर १९४३ मध्ये वेइशियेन (सध्याचे वेइफांग) येथील स्थानबद्धता शिबिरात हलविण्यात आले. हे शिबिर पूर्वीच्या अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनच्या आवारात होते आणि तेथे सुमारे दीड हजार परदेशी नागरिक कोंडलेले होते. तेथेही शिक्षकांनी वर्ग, बालिका-पथक (मुलींचे गाइड पथक) व परीक्षा खंडित होऊ दिल्या नाहीत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील ४०० मीटर शर्यतीचे विजेते एरिक लिडेल याच शिबिरात मुलांना शिकवीत व त्यांचे खेळ घेत. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांचे तेथेच निधन झाले. १७ ऑगस्ट १९४५ रोजी हवाई छत्रीने उतरलेल्या सात जणांच्या अमेरिकन तुकडीने शिबिर मुक्त केले.

युद्धानंतर शाळा काही काळ कुलिंग (लूशान) येथे भरली. साम्यवादी राजवट आल्यानंतर १९५१ च्या सुमारास तिचे चीनमधील अस्तित्व संपले. त्यानंतर मलेशियातील (तेव्हाच्या मलायातील) कॅमरन हायलँड्स येथे आणि जपानमध्ये होक्काइदोवरील नानाए येथे त्याच नावाने लहान निवासी शाळा चालविण्यात आल्या. कॅमरन हायलँड्सची शाळा २००१ मध्ये बंद झाली.