ब्रिजेटच्या डायरीमागची पाने

एप्रिल २००१ मध्ये प्रदर्शित झालेला ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ हा चित्रपट हेलन फील्डिंग यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे, हे श्रेयनामावलीतच कळते. पण ती कादंबरी मुळात एका वर्तमानपत्री सदरातून उभी राहिली. फील्डिंग तेव्हा लंडनच्या ‘द इंडिपेंडंट’ या दैनिकासाठी लिहीत असत. शहरात एकट्या राहणाऱ्या बाईच्या आयुष्यावर त्यांनी स्वतःच्या नावाने लिहावे, असे संपादकांकडून सुचवले गेले, तेव्हा आपले खासगी आयुष्य असे चव्हाट्यावर मांडण्यास त्यांनी नकार दिला आणि त्याऐवजी तिशीतली ब्रिजेट ही काल्पनिक बाई पुढे केली. २८ फेब्रुवारी १९९५ रोजी पहिला मजकूर छापून आला, तोही लेखिकेच्या नावाशिवाय.

या लेखनाची खरी खुबी दर नोंदीच्या आरंभी येणाऱ्या जमाखर्चात आहे. कादंबरीतली पहिलीच नोंद पाहावी: वजन ९ स्टोन ३ पौंड, मद्य १४ युनिट, सिगारेटी २२, कॅलरी ५,४२४. नऊ स्टोन तीन पौंड म्हणजे जेमतेम साडेअठ्ठावन्न किलो. एवढ्या बेताच्या वजनापायी रोज काट्यावर चढून खट्टू होणारी बाई हा विनोदही आहे आणि त्यातली बोचही तीच आहे. ब्रिजेटला सरसकट ‘जाड नायिका’ म्हणून मोकळे होणाऱ्यांच्या हातून नेमकी ती बोच निसटते.

सदराला सुरुवात झाली त्याच वर्षाच्या शरद ऋतूत बीबीसीने जेन ऑस्टिन यांच्या १८१३ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीवरील सहा भागांची मालिका दाखवली. तळ्यात पोहून ओल्या सदऱ्यानिशी समोर येणाऱ्या डार्सी या नायकाने, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या कॉलिन फर्थ यांनी, इंग्लंडमधील प्रेक्षकांना वेड लावले. ते तळे ऑस्टिन यांच्या पानांत कुठेही नाही. ती करामत पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांची. फील्डिंग यांची ब्रिजेटही या डार्सीवर लुब्ध झाली, आणि १९९६ मध्ये सदराची कादंबरी करताना कथानकासाठी त्यांनी थेट ऑस्टिन यांचाच सांगाडा उचलला. पहिल्या भेटीत तुसडा वाटणारा वकील मार्क डार्सी, गोडबोला पण बेभरवशाचा डॅनियल क्लीव्हर आणि मुलीच्या लग्नासाठी उतावीळ झालेली आई, ही सगळी मंडळी त्या जुन्या घरातलीच आहेत. फील्डिंग यांनी ही उचलेगिरी कधी लपवली नाही.

‘वर्किंग टायटल’ या संस्थेने चित्रपट करायला घेतला, तेव्हा फील्डिंग यांच्यासह रिचर्ड कर्टिस आणि खुद्द डेव्हिस हेच पटकथेचे लेखक झाले. दिग्दर्शिका शॅरन मग्वायर या फील्डिंग यांच्या मैत्रीण असून, कादंबरीतली ब्रिजेटची तोंडाळ मैत्रीण शॅझर त्यांच्यावरूनच बेतलेली आहे. ब्रिजेटच्या भूमिकेसाठी टेक्सासच्या रेने झेलवेगर यांची निवड जाहीर झाली, तेव्हा अस्सल इंग्रज बाईचे काम अमेरिकन नटीला कशाला, म्हणून ब्रिटिश वर्तमानपत्रांनी नाके मुरडली. झेलवेगर यांनी वजन वाढवले, उच्चारांची शिकवणी लावली आणि लंडनमधल्या ‘पिकाडोर’ या प्रकाशनसंस्थेत काही आठवडे ओळख लपवून नोकरी केली. ही कादंबरी छापणारी संस्थाही तीच. तिथे वर्तमानपत्रांतील कात्रणे काढण्याचे काम वाट्याला आल्यामुळे, आपल्याच निवडीवर तोंडसुख घेणारे लेख त्यांना कात्रीने कापून ठेवावे लागले. पुढे याच भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. मुंबईत जन्मलेले सलमान रश्दी हेही पुस्तक प्रकाशनाच्या प्रसंगात स्वतःच्याच भूमिकेत क्षणभर दिसतात.

मार्क डार्सीच्या भूमिकेसाठी कॉलिन फर्थ यांनाच घेतल्याने वर्तुळ पुरे झाले खरे, पण त्यातून एक पेचही निर्माण झाला. १९९९ च्या दुसऱ्या कादंबरीत ब्रिजेट रोमला जाऊन कॉलिन फर्थ या नटाची मुलाखत घेते आणि फिरून फिरून त्या ओल्या सदऱ्यावरच येते. २००४ मध्ये त्या कादंबरीवर चित्रपट निघाला, तेव्हा डार्सी म्हणून फर्थ आधीच पडद्यावर असल्यामुळे ही मुलाखत चित्रपटाच्या कथेतून वगळावी लागली.