लूप नियंत्रण

लूप नियंत्रण : संगणक प्रोग्रॅममधील लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या रचनेच्या) किती फेऱ्या व्हाव्यात हे सामान्यतः लूपच्या आरंभी किंवा शेवटी लिहिलेल्या अटीवर ठरते. मात्र फेरी चालू असताना मध्येच संपूर्ण लूप थांबवणे, किंवा चालू फेरीचा उरलेला भाग गाळून पुढच्या फेरीकडे जाणे, अशीही गरज वारंवार पडते. त्यासाठी भाषेत केलेल्या सोयींना लूप नियंत्रण म्हणतात. सी, सी++, जावा आणि पायथन या भाषांत या दोन कामांसाठी अनुक्रमे ‘ब्रेक’ आणि ‘कंटिन्यू’ ही विधाने (संगणकाला दिलेल्या आज्ञा) आहेत. पर्लमध्ये त्यांच्या जागी ‘लास्ट’ व ‘नेक्स्ट’, तर फोर्ट्रान ९० पासून फोर्ट्रानमध्ये ‘एक्झिट’ व ‘सायकल’ येतात.

या विधानांचा उगम एकाच भाषेत दाखवणे कठीण आहे. १९५६ च्या फोर्ट्रान पुस्तिकेत ‘कंटिन्यू’ हे विधान आढळते, पण ते स्वतः काहीच करत नाही. ‘डू’ लूपच्या शेवटी ते लिहायचे आणि ज्या फेरीचे काम लवकर आटोपले असेल तिथून ‘गो टू’ने त्याच्यावर उडी घ्यायची, म्हणजे पुढची फेरी सुरू होते, असा त्याचा उपयोग होता. सीमधील त्याच नावाचे विधान यावरून सुचले असावे, असा तर्क करता येतो; त्याला नामसादृश्याखेरीज भक्कम आधार मात्र नाही. ‘ब्रेक’च्या बाबतीत मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल या भाषेकडे (सु. १९६७) बोट दाखवले जाते आणि ते अधिक ग्राह्य वाटते. तथापि बीसीपीएल, बी आणि सी ही नेहमी सांगितली जाणारी वंशावळ येथे सरळ लागू पडत नाही, कारण केन टॉम्पसन यांच्या बी भाषेच्या १९७२ च्या संदर्भपुस्तिकेत ‘व्हाइल’ (अट खरी असेपर्यंत चालणारा लूप), ‘स्विच’ (पर्यायनिवडीची रचना) आणि ‘गो टू’ आहेत, पण ‘ब्रेक’ नाही. शिवाय बीसीपीएलमध्ये लूपमधून बाहेर पडण्यासाठी ‘ब्रेक’ आणि पर्यायनिवडीच्या रचनेतून बाहेर पडण्यासाठी ‘एंडकेस’ अशी दोन निराळी विधाने होती. सीमध्ये ही दोन्ही कामे एकट्या ‘ब्रेक’कडे आली.

या एकत्रीकरणाचा त्रास नवशिक्यांना आजही होतो. लूपच्या आत ‘स्विच’ असेल तर त्यातील ‘ब्रेक’ केवळ ‘स्विच’ संपवतो, लूप चालूच राहतो. आणि ‘इफ’मधून (अट खरी असेल तरच चालणाऱ्या भागातून) बाहेर पडण्यासाठी ‘ब्रेक’ मुळीच नसतो. तो ‘इफ’ला वेढणाऱ्या सर्वांत जवळच्या लूपवर किंवा ‘स्विच’वर लागू होतो. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीची दूरपल्ल्याची दूरध्वनी सेवा सुमारे नऊ तास विस्कळीत झाली, तिचे मूळ सीमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅममधील अशाच एका अस्थानी ‘ब्रेक’मध्ये होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

फेरीच्या मधून बाहेर पडावे की नाही, हा वाद सैद्धांतिक अंगानेही गाजला. कोराडो बोम आणि जुझेप्पे याकोपिनी यांनी १९६६ मध्ये असे दाखवले की क्रम, निवड आणि पुनरावृत्ती या तीन रचनांत, गरज पडल्यास जादा चल (मूल्य साठवणारी नावे) वापरून, कोणतीही प्रवाहरचना (विधाने चालण्याच्या क्रमाची मांडणी) मांडता येते. मार्च १९६८ मध्ये एड्सखर डाइकस्ट्रा यांचे ‘गो टू’वर टीका करणारे पत्र प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर अनेक शिक्षकांनी ‘एक प्रवेश, एक निर्गम’ (रचनेत शिरण्याची व तिच्यातून बाहेर पडण्याची जागा एकेकच असावी) हा नियम ‘ब्रेक’लाही लावला. निकलाउस विर्थ यांच्या मूळ पास्कलमध्ये (१९७०) तर ते विधानच नव्हते. पण बोम-याकोपिनी यांचा निष्कर्ष शक्यतेविषयी आहे, वाचनसुलभतेविषयी नाही. एस. राव कोसराजू यांनी १९७४ मध्ये सिद्ध केले की जादा चल न वापरता केवळ त्या तीन रचनांनी भागत नाही, अनेक पातळ्यांवरून बाहेर पडण्याची सोय आवश्यक ठरते. त्याच वर्षी डोनल्ड क्नूथ यांनी मध्यावर निर्गम असलेल्या लूपची स्वाभाविकता सोदाहरण मांडली. ही दुसरी बाजू अधिक पटण्याजोगी आहे.

क्नूथ यांच्या उदाहरणांचे स्वरूप प्रत्येक नवशिक्याच्या परिचयाचे आहे. शून्य येईपर्यंत संख्या वाचून त्यांची बेरीज करायची असेल, तर प्रत्येक फेरीत आधी संख्या वाचावी लागते, मग ती तपासावी लागते आणि मगच मिळवता येते. म्हणजे अटीची जागा फेरीच्या मध्यावर येते. ‘ब्रेक’ वर्ज्य केला की वाचण्याचे विधान एकदा लूपच्या आधी आणि पुन्हा लूपच्या अखेरीस लिहावे लागते. इलियट सोलोवे, जेफ्री बोनार आणि केट एर्लिक यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, मध्यावरून बाहेर पडता येणारी रचना दिलेल्या विद्यार्थ्यांनी नेहमीच्या पास्कलमध्ये लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक प्रोग्रॅम लिहिले.

‘कंटिन्यू’वर इतकी चर्चा झालेली नाही, पण त्यात एक सापळा आहे. सीमधील ‘फॉर’ लूपमध्ये ‘कंटिन्यू’नंतरही गणक (फेऱ्या मोजणारा चल) वाढवण्याची क्रिया होते. ‘व्हाइल’मध्ये मात्र ती क्रिया ‘कंटिन्यू’च्या खाली लिहिलेली असल्यास गाळली जाते. त्यामुळे १ ते १० मधून केवळ ५ वगळून बाकीचे आकडे छापू पाहणारा प्रोग्रॅम ५ वर अडकून अनंत काळ फिरत राहतो.

पायथनमध्ये लूपलाही ‘एल्स’ (‘नाहीतर’ हा भाग) जोडता येतो; लूप ‘ब्रेक’विना संपला तरच तो भाग चालतो. यादीत शोधलेली वस्तू सापडली नाही, हे सांगण्यास तो उपयोगी पडतो, मात्र अनेक अनुभवी प्रोग्रॅमरही तो टाळतात.

लूपमध्ये लूप असल्यास ‘ब्रेक’ फक्त आतला लूप संपवतो. जावात बाहेरच्या लूपला नाव देऊन त्या नावासह ‘ब्रेक’ लिहिता येतो, पीएचपीत किती पातळ्या सोडायच्या तो आकडा देता येतो. पायथनमध्ये अशा नावांचा प्रस्ताव २००७ मध्ये फेटाळला गेला. तेथे दोन्ही लूप एका फंक्शनमध्ये (नाव दिलेल्या स्वतंत्र प्रोग्रॅमखंडात) ठेवून, तो खंड संपवणाऱ्या ‘रिटर्न’ने बाहेर पडणे रूढ आहे.