उतारवयात चेहऱ्याचे ऑपरेशन : तारीख ठरवण्याआधी वाचा

हिंगणघाट, समुद्रपूर, गिरड, पार वडनेरकडच्या गावांतून आमच्याकडे येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या मंडळींचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. गाल लोंबले, डोळ्यांवर कातडी आली, गळ्याला पिशवी आली, तर ऑपरेशन करावं का? या वयात शोभेल का? आणि इथं दवाखाना असताना नागपूरला कशाला नेता? ओपीडीच्या गर्दीत नीट सांगणं होत नाही, म्हणून हे लिहून देत आहोत. घरी न्या, चार जणांत वाचा.

शोभण्याचं आधी. चाळीस वर्षं कपाशीच्या उन्हात राबलेल्या बाईला आपला चेहरा बरा दिसावा असं वाटलं, तर त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. रिटायर झालेल्या गुरुजींना वाटलं तरी नाही. आम्ही विचारतो ते एवढंच की हे कोणाला हवं आहे? पुण्याची मुलगी पैसे देते म्हणून, किंवा जावेनं केलं म्हणून आला असाल तर थांबा. घरात वर्षभरात कोणी गेलं असेल तरीही थांबा. दुःखाने उतरलेला चेहरा ऑपरेशनने भरून येत नाही. अशांना आम्ही परत पाठवतो आणि वर्षाने यायला सांगतो. त्या दुसऱ्या भेटीचे पैसे घेत नाही.

आता ऑपरेशनने काय होतं ते. घरी खाटेवर उताणं झोपा, हातातला आरसा चेहऱ्यावर धरा आणि बघा. गाल कानाकडे सरकलेले दिसतील, जबड्याची रेघ दिसेल. फेसलिफ्टने साधारण तेवढाच फरक पडतो, लग्नाच्या अल्बममधला चेहरा परत येत नाही. कानापुढून सुरू होऊन कानामागे केसांत जाणारी चीर देतात, कातडीखालचा स्नायूंचा थर ओढून बांधतात आणि जास्तीची कातडी काढतात. ३ ते ५ तास लागतात. उन्हाचे काळे डाग, ओठांभोवतीच्या बारीक सुरकुत्या, कातडीचा रखरखीतपणा यांना या ऑपरेशनचा उपयोग नाही. वय पुढे चालूच राहतं, त्यामुळे काही वर्षांनी कातडी पुन्हा सैल होते.

बऱ्याच जणांना तर फेसलिफ्टची गरजच नसते. दाढा पडल्या की जबड्याचं हाड झिजतं, गाल आत जातात, हनुवटी नाकाजवळ येते. अशांना आम्ही आधी दाताच्या डॉक्टरांकडे पाठवतो. चांगली कवळी बसली की अर्धी तक्रार तिथेच मिटते. सकाळी चेहरा सुजतो म्हणून आलेल्यांची थायरॉइड आणि किडनीची तपासणी आधी करतो. आणि तोंड एकाएकी वाकडं झालं किंवा एक पापणी एकाएकी पडली, तर आमच्याकडे येऊच नका. तो लकवा असू शकतो. लगेच सेवाग्राम किंवा सावंगीच्या मोठ्या रुग्णालयात जा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

डोळ्यांवर आलेल्या कातडीची गोष्ट वेगळी. आम्ही चिकटपट्टीने वरची पापणी थोडी उचलून धरतो आणि समोरचं कॅलेंडर वाचायला सांगतो. वरच्या ओळी ज्यांना एकदम दिसू लागतात, त्यांना हे ऑपरेशन करा असं आम्ही मोकळेपणाने सांगतो. जागेवर भूल देऊन तासाभरात होतं, टाके ५ ते ७ दिवसांत निघतात, आणि ते आम्ही इथेच करतो. मात्र त्याआधी मोतीबिंदू, काचबिंदू आणि डोळ्यांचा कोरडेपणा तपासून घेतो.

आता त्या चुकीबद्दल, जिच्यामुळे तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो.

फॉर्मवर तंबाखूचा रकाना असतो. तिथे बहुतेक जण ‘नाही’ लिहितात. गेल्या हिवाळ्यात एकसष्ट वर्षांच्या एक काकू फेसलिफ्टसाठी ठरल्या होत्या. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा ‘नाही’. ऑपरेशनच्या दिवशी भाड्याची गाडी सांगून, पहाटे चारला निघून, उपाशीपोटी नागपूरला आल्या. सोबत दोन सुना आणि जावई. भूलतज्ज्ञांनी नेहमीप्रमाणे तोंड उघडायला सांगितलं. खालचा ओठ ओढला तर आतून कातडी पांढरी, सुरकुतलेली, आणि फटीत तपकिरी भुकटी. ‘काकू, हे काय?’ तर म्हणाल्या, ‘नस आहे जी. तंबाखू कायले खाऊ म्या!’ त्या खोटं बोलत नव्हत्या. नस म्हणजे तंबाखूचीच बारीक पूड, पण त्यांच्या लेखी ती दात घासायची वस्तू. त्या दिवशी ऑपरेशन झालं नाही. सगळे तसेच परत गेले.

तेव्हापासून आम्ही एकेक नाव घेऊन विचारतो: खर्रा, नस, गुल, गुडाखू, मिश्री, तपकीर, बिडी, सिगारेट. यातलं काहीही, दिवसातून एकदाही, आम्हाला कळायला हवं. आम्ही रागावत नाही, सुनेला सांगत नाही. कारण समजून घ्या. फेसलिफ्टमध्ये कातडी खालून सुटी करतात, आणि पुढचे काही दिवस ती कडेच्या बारीक रक्तवाहिन्यांवरच जगते. निकोटिनने त्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त पोचलं नाही की कातडी काळी पडते, बहुतेक वेळा कानामागून सुरुवात होते, आणि मेलेली कातडी गळून जखम उघडी राहते. ती भरायला आठवड्यांवर आठवडे लागतात आणि जाड व्रण राहतो. पुड्यांत साधा खर्रा आणि हलका खर्रा असा फरक असेल, कातडीला तो नसतो.

म्हणून ऑपरेशनआधी ४ आठवडे आणि नंतर ४ आठवडे पूर्ण बंद. आदल्या आठवड्यात आम्ही लघवीची तपासणी करतो. तंबाखू सोडल्यावरही तिची खूण काही दिवस लघवीत दिसते, त्यामुळे दोन दिवसांच्या उपासाने ती लपत नाही. काही जणांना हा अविश्वास वाटतो. आम्हाला तो वाटत नाही. तुमच्या कानामागची जखम बांधत बसण्यापेक्षा आधी डबीभर लघवी मागणं आम्हाला बरं वाटतं. सोडण्यासाठी निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी वापरत असाल तर तेही सांगा, त्यातही निकोटिनच असतं.

खर्ऱ्यातली सुपारीही आड येते. वर्षानुवर्षं खाल्ल्याने गालांच्या आतली त्वचा आवळत जाते. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. जात नसतील तर भूल देताना श्वासाची नळी घालणं अवघड होतं. हे आधी कळलं तर तयारी करता येते, टेबलावर कळलं तर जीवाशी येतं.

त्या काकूंच्या ओठातला पांढरा भाग आम्ही आधी तपासून घेतला. तो साधा निघाला. नस सुटली, पाच आठवड्यांनी ऑपरेशन झालं, जखम सरळ भरली. आता त्या दर भेटीला नवीन कोणाला तरी सोबत आणतात.

गोळ्यांचंही असंच. इकोस्प्रिन (म्हणजे अॅस्पिरिन) किंवा रक्त पातळ करणारी दुसरी कोणतीही गोळी चालू असेल तर सांगा, पण मनाने बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट असेल तर. अॅस्पिरिनचा परिणाम ७ ते १० दिवस टिकतो, म्हणून दोन आठवडे आधीच तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून काय करायचं ते आम्ही ठरवतो. बीपी आणि साखरही आधी ताब्यात हवी.

फेसलिफ्टसाठी नागपूरला नेतो त्याचं कारण असं. फेसलिफ्टनंतर पहिल्या चोवीस तासांत कातडीखाली रक्त साचण्याचा धोका असतो, पुरुषांत आणि बीपीवाल्यांत जास्त. साचलं तर रात्री दोनला सुद्धा टाके उघडून काढावं लागतं. तेवढी माणसं आणि आयसीयू जवळ असेल तिथेच हे ऑपरेशन करायचं, ही आमची अट आहे. इथेच स्वस्तात उरकून देतो असं आम्ही म्हणणार नाही. मात्र आधीच्या तपासण्या, ड्रेसिंग, टाके काढणं आणि पुढच्या सगळ्या भेटी इथेच होतात, त्यामुळे नागपूरची फेरी एकच. डॉक्टर कोणीही निवडा, प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे ना आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय आहे, हे विचारा. आम्हालाही विचारा. पार्लरमध्ये कोणी फिलरचं, म्हणजे सुरकुत्या भरायचं, इंजेक्शन देतो म्हणालं तर उठून या. ते चुकीच्या रक्तवाहिनीत गेलं तर कायमची नजर जाऊ शकते.

दिवस निवडताना शेत बघा. सूज आणि निळसर डाग दोन-तीन आठवडे राहतात, तोवर वाकून काम, ओझं उचलणं बंद. म्हणजे कापूस वेचणी नाही, चना काढणी नाही. एप्रिल-मेच्या उन्हात ताजा व्रण काळा पडतो आणि घामाने त्रास होतो, म्हणून त्या दिवसांत आम्ही घाईचं नसलेलं ऑपरेशन घेत नाही. घरात लग्न असेल तर किमान तीन महिने आधी या. तारखेच्या पंधरा दिवस आधी आलात तर आम्ही नाहीच म्हणणार.

खर्च लेखी मिळेल, ऑपरेशन, भूल, मुक्काम, औषधं वेगवेगळी लिहून. दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनला मेडिक्लेम मिळत नाही. पापणीमुळे नजर अडत असेल तर कंपनीला आधी लेखी विचारा, लागणारी तपासणी आम्ही करून देऊ.

पहिल्या भेटीला चालू गोळ्यांची पिशवी जशी आहे तशी आणा, कवळी असेल तर घालून या, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एक फोटो आणा. नसची डबी किंवा खर्ऱ्याची पुडी खिशात असेल तर तीही टेबलावर ठेवा.