हळदीचा कागद आणि चिमूटभर चुना

"विडी-सिगारेटला एकही पोरगं शिवत नाही सर आमच्यात. फार तर चिमूटभर मळतात, तेवढंच."

हे मला सांगणाऱ्या प्रशिक्षकाच्या डाव्या तळहातावर त्या वेळी तंबाखू होती आणि उजव्या अंगठ्याने ती मळणं चालू होतं. जागा नाशिकचं गोल्फ क्लब मैदान. कागदोपत्री ते हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला हे नाव सांगितलं तर तो दोन क्षण विचारात पडतो. थंडीतली सकाळ, टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा, आणि स्पर्धेचं घोषवाक्य व्यसनमुक्तीचं. आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून मला दहा मिनिटं बोलायला बोलावलेलं. मंचाच्या एका बाजूला 'तंबाखूला नाही म्हणा' असा फ्लेक्स. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकाराचा फ्लेक्स वेलचीचा. कंपनी अर्थातच पान मसाल्याची. वेलची खपावी म्हणून एवढा पैसा ओतणारा व्यापारी मी रविवार कारंजावर अजून तरी पाहिलेला नाही.

खेळणारा मुलगा तंबाखूपासून आपोआप लांब राहतो, हा आपला लाडका समज. धुराच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. सिगारेट ओढणाऱ्याला तिसऱ्या फेरीत धाप लागते आणि ते त्याचं त्यालाच कळतं. तोंडात धरलेली तंबाखू मात्र फुफ्फुसांच्या वाटेला जात नाही, त्यामुळे दम शाबूत राहतो आणि पोराला वाटतं, आपल्याला काही होत नाही. अमेरिकेत शाळकरी खेळाडूंच्या पाहणीत हेच दिसलं: न खेळणाऱ्यांपेक्षा ते सिगारेट कमी ओढतात आणि चघळायची तंबाखू जास्त खातात. आपल्याकडे तर मुळातच पारडं तिकडे झुकलेलं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूर न होणारी तंबाखू खाणारे निघाले. ओढणारे ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 'धूम्रपान निषेध'च्या पाट्या आपण मुख्यतः चुकीच्या माणसांना दाखवतोय.

भाषण मी दिलं नाही. खिशात हळदीचे कागद होते. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या गाळणकागदाच्या पट्ट्या. दहावीच्या प्रयोगात नैसर्गिक दर्शक म्हणून केलेल्या असतात त्याच. यष्टिरक्षक पोराला म्हटलं, "पुडीतली कोरडी तंबाखू दे जरा." थेंबभर पाण्यात भिजवून ती पट्टीवर दाबली. पट्टी पिवळीच राहिली. मग त्याच्या मित्राच्या तळहातावरची चुना लावून मळलेली चिमूट घेतली, तशीच भिजवून दाबली. पट्टी कुंकवासारखी लाल झाली.

"हे तर बाबा लोक करतात ना सर?" एक जण म्हणाला. करतातच. हळद लावलेल्या हातावर चुन्याची निवळी सोडायची आणि 'रक्त आलं' म्हणून घरच्यांना घाबरवायचं, हा भोंदूंचा जुना धंदा. वरून लिंबू पिळलं की 'रक्त' पुन्हा पिवळं होतं, म्हणून बाबांच्या बैठकीत मी लिंबू मागतो. पण माझा मुद्दा बाबांचा नव्हता. हळद ज्या सामूला (आम्ल-अल्कपणा सांगणाऱ्या pH ला) रंग बदलते, जवळपास त्याच सामूला निकोटिन आपला स्वभाव बदलतं. हा योगायोग मला इतका आवडतो की त्यावर थोडं रेंगाळणार आहे. कंटाळा आला तर पुढचे चार परिच्छेद सोडून दिलेत तरी चालेल.

निकोटिनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात. त्यातल्या एकाला प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा धन आयन, पकडायची सवय आहे. त्याने प्रोटॉन पकडला की अख्खा रेणू धनप्रभारित होतो, मिठासारखा. आता गालाच्या आतल्या त्वचेचा विचार करा. तिथल्या पेशींची पटलं मेदाची, म्हणजे साध्या भाषेत तेलकट. कढईतल्या तेलात मीठ टाकून बघा: कितीही ढवळा, तळाशीच बसतं. प्रभारित निकोटिनचं गालाशी तसंच होतं. ते लाळेत मजेत विरघळतं, पण पटल ओलांडू शकत नाही. उलट प्रोटॉन सोडलेलं निकोटिन हा चक्क तेलकट द्रव असतो. तेलाला तेलाची वाट मोकळी.

मग किती रेणू मोकळे आणि किती अडकलेले? ते सामू ठरवतो. निकोटिनसाठी मधला आकडा ८ आहे. सामू ८ असेल तर अर्धे मोकळे, अर्धे अडकलेले. सामूचं मोजमाप लॉगॅरिदमचं, म्हणून एक पायरी चढली की मोकळ्या-अडकलेल्यांचं गुणोत्तर दहापट बदलतं. सामू ७ ला, म्हणजे साधारण लाळेच्या पातळीवर, मोकळे अकरात एक, सुमारे ९ टक्के. सामू ९ ला अकरात दहा, सुमारे ९१ टक्के. पुडी तीच, चिमूट तीच, गाल तोच, आणि आत शिरायला तयार असलेलं निकोटिन दहापट. हळदीचा पिवळा रंग साधारण ७.४ ते ८.६ च्या दरम्यान लाल होतो. म्हणजे पट्टी लाल झाली, याचा अर्थ दार उघडलं.

हे दार उघडणारा म्हणजे चुना. चुन्याच्या संपृक्त निवळीचा सामू १२ च्या वर असतो; त्यातले हायड्रॉक्साइड आयन निकोटिनजवळचे प्रोटॉन हिसकावून पाणी बनवतात. मळताना नाकात जो झणका जातो, त्यात नुकतंच मोकळं झालेलं निकोटिन आणि थोडा अमोनियाही असतो. आमच्या आजोबांना समतोलांक ठाऊक नव्हता, पण 'चुना कमी पडला, बार लागला नाही' हे त्यांना अचूक कळायचं. शिवाय चुना गालाची त्वचा हळूहळू भाजतो, आणि भाजलेल्या त्वचेतून तंबाखूतली कर्करोगजनक नायट्रोसअमाइन्सही अधिक सहज आत जातात.

सिगारेटचं गणित उलटं आहे. तिचा धूर किंचित आम्लधर्मी, म्हणून तोंडात फारसं काही शोषलं जात नाही, आणि म्हणूनच तो छातीत ओढावा लागतो. फुफ्फुसातून निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि त्याची पातळी लवकर उतरते. तोंडातल्या बाराचं काम सावकाश चालतं. रक्तातली पातळी अर्धा तास चढत राहते आणि बराच वेळ टिकते. निम्मं निकोटिन निघून जायलाच साधारण दोन तास लागतात. गिळलं असतं तर बरंचसं यकृताने वाटेतच मोडलं असतं. गालातून गेलेलं यकृताला चुकवून थेट रक्तात. म्हणजे नाणेफेकीला भरलेला बार शेवटच्या षटकातही खेळत असतो.

हा बार अंगात काय खेळतो? अ‍ॅड्रिनलिन सुटतं, रक्तवाहिन्या आकसतात, नाडी मिनिटाला दहा-पंधरा ठोक्यांनी वाढू शकते. चौकार अडवायला धावायच्या आधीच हृदय थोडं धावून आलेलं असतं. "पण सर, त्याने फोकस होतो," हे मला हमखास ऐकवलं जातं. सवय लागलेल्या मेंदूत निकोटिनला धरणाऱ्या ग्राहींची संख्या वाढलेली असते. बार नसला की ते रिकामे राहतात, चिडचिड होते, लक्ष उडतं. बार भरला की लक्ष जागेवर येतं. जे हरवलं होतं तेच परत मिळतं, पोराला वाटतं वर काही मिळालं. विशीपर्यंतचा मेंदू अजून घडत असतो, त्यामुळे ही सवय त्या वयात लवकर घट्ट होते.

आता संघांचा विषय. तंबाखूने खेळाला कधीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक 'विल्स'च्या नावाने झाला, आपल्या खेळाडूंच्या छातीवरही तेच नाव असायचं. २००३ च्या कायद्याने असं प्रायोजकत्व बंद केलं. त्यानंतर पान मसाल्याच्या जाहिरातीचा मुखवटा म्हणून वेलची आली, तिच्यावर चांदीचा वर्ख आला. उलट्या दिशेचे प्रयत्नही झाले. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तंबाखूविरोधी दिनाचा विषयच तंबाखूमुक्त खेळ हा ठेवला आणि त्या वर्षीचा फुटबॉल विश्वचषक तंबाखूमुक्त झाला. अमेरिकी बेसबॉलमध्ये टोनी ग्विन हा दिग्गज २०१४ मध्ये लाळग्रंथीच्या कर्करोगाने गेला; त्याने स्वतः दोष चघळण्याच्या तंबाखूला दिला होता. पुढे २०१६ च्या करारात नव्याने येणाऱ्या खेळाडूंना ती तंबाखू बंद झाली.

पण मला यातलं सगळ्यात शिकण्याजोगं वाटतं ते एक छोटं काम. कॅलिफोर्नियातली १६ महाविद्यालयं घेऊन त्यांतल्या निम्म्यांत, बेसबॉल आणि अमेरिकी फुटबॉलच्या संघांत, तंबाखू चघळणाऱ्या खेळाडूंची दातांची तपासणी झाली. आरसा हातात देऊन त्यांना त्यांच्याच गालातला पांढरा चट्टा दाखवला गेला, आणि पुढची चर्चा व्याख्यात्याने नाही, संघातल्याच सोबत्याने घेतली. वर्षभराने या महाविद्यालयांत ३५ टक्क्यांनी तंबाखू सोडलेली होती. उरलेल्या निम्म्यांत, जिथे हे काही झालं नव्हतं, १६ टक्क्यांनी. फ्लेक्स नाही, शपथ नाही, फुगे नाहीत.

आपल्याकडे याला काय कमी आहे? आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय म्हसरूळला, दंत महाविद्यालय गावात, आणि २०२३ पासून महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये नाशिकच्या नावाचा संघ. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊतचं २०१० चं राष्ट्रकुल कांस्यपदक आणि चांदवड तालुक्यातल्या दत्तू भोकनळचं रिओ ऑलिंपिकमधलं नौकानयन इथल्या पोरांना पाठ असतं. अशा खेळाडूचा फोटो फ्लेक्सवर लावून भागवण्यापेक्षा संघाच्या किटमध्ये एक छोटा आरसा ठेवावा, हंगामाच्या सुरुवातीला दंतवैद्याची एक सकाळ घ्यावी, आणि सोडणाऱ्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक कर्णधाराच्या मोबाइलमध्ये असावा. खर्च एका सामन्याच्या चेंडूंएवढा.

त्या सकाळी आरसा नव्हता, म्हणून मी तीन बोटांची जुनी युक्ती वापरली. तोंड पूर्ण उघडायचं आणि आपलीच तीन बोटं उभी, एकावर एक, दातांमध्ये घालायची. सुपारीने गालाची त्वचा आतून ताठरत गेली की तोंड उघडेनासं होतं आणि बोटं मावत नाहीत. पोरं हसत हसत करायला लागली. यष्टिरक्षकाची तिन्ही गेली. शेजारच्या डावखुऱ्या गोलंदाजाची दोन गेली, तिसरं अडलं. तो वय विचारल्यावर 'एकोणीस' म्हणाला.

"पण मी तंबाखू खातच नाही सर," तो म्हणाला. "साधा पान मसाला. त्यावर लिहिलेलं असतं, तंबाखू नाही म्हणून."

लिहिलेलं खरंच असतं. सुपारी एकटीच, तंबाखूशिवायही, माणसात कर्करोग करते असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. पुडीवर तो नसतो. मी त्याला दंतवैद्याकडे त्याच आठवड्यात जायला सांगितलं. त्याने मान हलवली आणि मंचाच्या दुसऱ्या बाजूच्या फ्लेक्सकडे एकदा बघितलं.

पंचांनी हाक मारली. जाता जाता यष्टिरक्षक परत आला. "सर, दोन पट्ट्या द्या ना उरलेल्या."

"कशाला?"

त्याने हळूच हनुवटीने दाखवलं. प्रशिक्षक सीमारेषेजवळ उभे होते, डावा तळहात पसरून.