नीरा ते वारणा : साताऱ्याच्या हातून गेलेल्या मुलखाची गोष्ट

पुण्याहून साताऱ्याला येताना सारोळ्याच्या पुलावर नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. पुढे कऱ्हाड, कासेगाव मागे टाकत कोल्हापूरकडे निघालं की वारणेच्या पुलापाशी सांगली जिल्हा संपतो. एसटीत पेंगणाऱ्या माणसाच्या हे ध्यानातही येत नाही, पण या दोन नद्या एका राज्याच्या सरहद्दी होत्या आणि ते राज्य कागदावर २५ सप्टेंबर १८१९ रोजी जन्माला आलं.

साताऱ्यातले आम्ही चार मित्र गेलं वर्षभर एक जर-तरची कथा लिहितो आहोत. सातारचं राज्य १८४८ साली खालसा होत नाही, उलट हातून निसटलेले कडेचे तुकडे एकेक करून परत येतात, अशी तिची कल्पना. पहिली प्रकरणं ज्यांना वाचायला दिली त्यांतल्या बहुतेकांनी एकच विचारलं : यातलं खरं किती? आणि लढाई कुठे आहे? हे टिपण त्यासाठी. लढाई का नाही, हेच मला सांगायचं आहे.

लढून गेलेलं परत घेणं या गावाला नवं नव्हतं. सातारचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७३ मध्ये आदिलशाहीकडून घेतला. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः पायथ्याशी येऊन बसला. प्रयागजी प्रभूंनी साडेचार महिने किल्ला झुंजवला, पण अखेर एप्रिल १७०० मध्ये तो गेला आणि बादशहाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. काही वर्षांतच मराठ्यांनी तो परत घेतला आणि १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला. तो काळ दोर, शिड्या आणि सुरुंगांचा होता. आमच्या कथेचा काळ त्यानंतर शंभरावर वर्षांनी येतो, आणि तोवर हत्यार बदललेलं आहे.

१८१८ च्या फेब्रुवारीत जनरल स्मिथने सातारा घेतला. किल्ल्यावर आधी इंग्रजांचं निशाण चढलं आणि मग छत्रपतींचं भगवं. लगेच कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याचा जाहीरनामा निघाला : पेशवा दुसऱ्या बाजीरावाचं राज्य संपलं, छत्रपतींना मात्र त्यांच्या इतमामाला साजेसा मुलूख मिळेल. त्या वेळी छत्रपती प्रतापसिंह महाराज बाजीरावाच्याच छावणीत, जवळजवळ नजरकैदेत होते. त्याच महिन्यात आष्टीच्या लढाईत पेशव्याचे सेनापती बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. एप्रिलमध्ये त्यांना गादीवर बसवलं. वय पंचवीस. इंग्रजांनी हे उपकार म्हणून केलं नव्हतं. पेशव्याचं नाव लोकांच्या मनातून पुसायचं, तर त्याच्याहून मोठं नाव पुढे करायला हवं, आणि बेकार झालेल्या शिलेदार-सरदारांना कुठेतरी ठाव हवा, एवढा हिशेब त्यामागे होता. सुरुवातीची चार वर्षं कारभार कॅप्टन जेम्स ग्रँटने पाहिला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. एप्रिल १८२२ मध्ये कारभार महाराजांच्या हाती आला.

मुलूख किती मिळाला? उत्तरेला नीरा आणि भीमा, दक्षिणेला वारणा आणि कृष्णा, पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला पंढरपूर आणि विजापूर. होय, विजापूर. ज्या आदिलशाहीच्या ताब्यातून सातारचा किल्ला घेतला, त्या आदिलशाहीची राजधानी तीस वर्षं सातारच्या गादीखाली होती. हे आमच्याकडे शाळेत कधी कुणी सांगितलं नाही. मला ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नकाशा काढून बसलो आणि गोल घुमटापासून राजवाड्यापर्यंत बोटाने रेघ ओढून पाहिली.

आता इंग्रजांशी झालेल्या १८१९ च्या त्या तहनाम्याकडे. आमची सगळी कथा त्यातल्या तीन कलमांवर उभी आहे. पहिल्या कलमात हा मुलूख राजाला, त्याच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमचा दिला आहे. पाचव्या कलमात राजाने परक्या सत्तेशी, किंबहुना आपल्या हद्दीबाहेरच्या कुणाही सरदाराशी परभारे बोलणं-लिहिणं ठेवायचं नाही. आणि सातव्यात राजाच्या हद्दीतल्या जहागीरदारांच्या जहागिऱ्यांची हमी इंग्रजांनी घेतली आहे. जहागीरदारांनी राजाची रूढ चाकरी मात्र करायची. एकाने दिलं, दुसऱ्याने बांधलं, तिसऱ्याने पाचर मारली.

पहिला तुकडा गेला तो मात्र अदलाबदलीत, गोडीगुलाबीने. महाबळेश्वरची हवा इंग्रजांना मानवली. मुंबईचा गव्हर्नर माल्कम याला तिथे आजारी गोऱ्या सैनिकांसाठी ठिकाण हवं होतं. १८२९ मध्ये महाराजांनी ती जागा दिली आणि बदल्यात इंग्रजांच्या ताब्यातलं वाई भागातलं खंडाळा गाव घेतलं. महाबळेश्वरच्या बाजारपेठेला माल्कमचं नाव मिळालं. खंबाटकी घाटाच्या अलीकडे हायवेवर जे खंडाळं लागतं, ते महाबळेश्वरच्या मोबदल्यात आलेलं गाव आहे. मी तिथून शेकडो वेळा गेलो असेन. आता गेलो की काचेतून बाहेर बघतो.

खरं घोडं अडलं ते जहागिऱ्यांपाशी. औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे नाईक निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले ही घराणी छत्रपतींची. त्यांच्या सनदा छत्रपतींच्या. मग जहागीरदार निपुत्रिक गेला तर जहागीर कुणाकडे यावी? दत्तकाला मंजुरी कुणी द्यायची? नजराणा कुणी घ्यायचा? साध्या भाषेत, या मुलखाचा मालक कोण?

फलटणचं उदाहरण घ्या. १८२५ मध्ये सातारा दरबाराने फलटण जप्त केलं, दोन वर्षांनी नजराणा घेऊन नव्या नाईकांना दिलं. ते १८२८ मध्ये वारले तेव्हा पुन्हा जप्ती आली, आणि ती १८४१ पर्यंत टिकली. म्हणजे तेरा वर्षं नीरेकाठचा हा सगळा पट्टा सातारच्या ताब्यात होता. जतही १८२७ पासून, जहागीरदारांचं कर्ज फिटावं म्हणून, दरबाराकडेच होतं. तेही १८४१ ला परत गेलं. १८४१ हे साल दोन्हीकडे यावं, यात मला योगायोग दिसत नाही. तोवर प्रतापसिंह महाराज गादीवर नव्हते.

महाराज काय मागत होते, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढे त्यांना बंडखोर ठरवलं गेलं. त्यांचा आग्रह एवढाच की तहनाम्यातल्या हद्दीच्या आतल्या जहागिऱ्यांवर वरचा हक्क माझा. लंडनच्या कंपनी सरकारच्या संचालकांना ते पटलं. मुंबई सरकारने मात्र अंमल लांबवला. पत्रांवर पत्रं गेली, उत्तरादाखल वाटाण्याच्या अक्षता आल्या. शेवटी महाराजांनी मुंबईला वळसा घालून थेट विलायतेला वकील पाठवायचं ठरवलं, आणि मुंबईकरांचा अहंकार दुखावला.

याच सुमारास घडलेली एक गोष्ट आमच्या कथेची कळ आहे. डिसेंबर १८३५ मध्ये संचालकांनी प्रतापसिंह महाराजांच्या उत्तम कारभाराबद्दल स्तुतिपत्र लिहिलं आणि सोबत एक मानाची तलवार धाडली. कारभार खरोखरच वाखाणण्यासारखा होता. महाराजांनी रस्ते बांधले, पाठशाळा काढली, साताऱ्यात शिळाप्रेस, म्हणजे दगडावरच्या छपाईचा छापखाना, घातला. ते स्वतः रोजनिशी लिहीत. पण ती तलवार आणि ते पत्र मुंबई सरकारने अडवून ठेवलं. महाराजांच्या हाती ते कधीच पडलं नाही. ज्यांच्या नावाने लंडनने तलवार पाठवली, त्यांच्याविरुद्ध मुंबईत चौकशीचे कागद रचले जात होते : इंग्रजी पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवल्याचा आरोप, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार. पाचवं कलम इथे कामाला आलं.

ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. त्याने पुढे ठेवलेली तडजोड वरवर सौम्य होती. मागचं सगळं माफ, फक्त तहाचा भंग झाल्याचं ध्वनित करणाऱ्या मसुद्यावर सही करा. महाराजांनी नकार दिला. न केलेला गुन्हा कबूल करून गादी राखायची नाही, यावर ते ठाम राहिले. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रात्री रेसिडेंट, म्हणजे साताऱ्यातला कंपनीचा प्रतिनिधी, ओव्हान्स याने राजवाड्यात शिरून त्यांना बाहेर काढलं. आधी गावापासून जवळच्या लिंब इथे, मग थेट काशीला. त्यांचे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब गादीवर आले. प्रतापसिंह महाराज १८४७ मध्ये काशीतच वारले. सातारा त्यांना पुन्हा दिसला नाही.

आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की कथेचा फाटा इथे पाडावा : महाराजांनी सही केली असती तर? मी विरोध केला. सही करणारे प्रतापसिंह वेगळेच कुणीतरी झाले असते. जर-तरमध्ये परिस्थिती बदलावी, माणसाचा पीळ बदलू नये.

महाराजांची बाजू घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. साताऱ्याजवळच्या कारी गावचे. १८४० ते १८५३ ते तिथे राहिले. भाषा परकी, हवा परकी, पुढे पुढे पैसेही संपत आले. कंपनीच्या भागधारकांच्या सभा, पार्लमेंटचे सभासद, छापील अर्ज, पुन्हा सभा. जोसेफ ह्यूमसारखे लोक त्यांच्या बाजूने बोलले. निकाल मात्र पालटला नाही, आणि ते तिथे असतानाच ज्या राज्यासाठी भांडत होते ते राज्यच गेलं. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजीराजे वारले. मरणाआधी त्यांनी दत्तक घेतला होता. प्रतापसिंहांनीही काशीत दत्तक घेतला होता. मुंबईचा तेव्हाचा गव्हर्नर क्लार्क यानेसुद्धा तहातल्या शब्दांवर बोट ठेवलं, की वारस आणि उत्तराधिकारी म्हटलंय, दत्तक नामंजूर करता येणार नाही. त्याच्या जागी आलेल्या फॉकलंडने मात्र गव्हर्नर जनरल डलहौसीची री ओढली. दत्तक नामंजूर करून डलहौसीने घेतलेलं पहिलं राज्य ते सातारचं.

यातली सगळ्यात बोचरी गोष्ट अशी. औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट या जहागिऱ्या कुणाच्या, यावरून इतका बखेडा झाला. त्या सगळ्या टिकल्या. राज्य १८४८ ला बुडालं, आणि त्याच्या जहागिऱ्या संस्थानं म्हणून १९४८ पर्यंत, बरोबर शंभर वर्षं, राहिल्या. औंधने तर १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली.

आता १८५७. गावात कुणालाही विचारा, फाटा तिथेच पाडा म्हणतील. रंगो बापूजी परत आले होते, साताऱ्यात उठावाची तयारी झाली होती, चार भिंतींपाशी त्यांचं स्मारक आहे. पण उठाव फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झालं, त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी जे निसटले ते कायमचेच. कथेसाठी तो प्रसंग उलटा फिरवायला माझा हात धजत नाही. आणि व्यवहारानेही तो फाटा उशिराचा आहे. राज्य जाऊन नऊ वर्षं झाली होती, फौज नव्हती, खजिना नव्हता. परत मिळवायला मुळात काही हातात असावं लागतं, आणि ते होतं १८३५-३६ मध्ये : फलटण आणि जत जप्तीत, महाराज गादीवर, लंडनचा कौल बाजूने.

तिथून पुढे आमचा नकाशा असा सरकतो. जहागिऱ्यांवरचा वरचा हक्क मान्य होतो. त्या ओघात दत्तकाला मंजुरी देण्याचा मान दरबाराकडे येतो, त्यामुळे दरबाराचा स्वतःचा दत्तकही नाकारणं अवघड जातं. महाबळेश्वर इंग्रज सोडणार नाहीत, हे आम्ही प्रामाणिकपणे धरलं आहे. तिथे फार तर भाडं सुरू होतं. विजापूरवर आमच्यात वाद झाला. एकाला ते आजच्या महाराष्ट्रात हवं होतं. मला ते खोटं वाटतं. सांगलीचंच बघा ना. पटवर्धनांच्या त्या संस्थानात तेरदाळ, शिरहट्टी आणि बेळगावला लागून असलेलं शहापूरही होतं. १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९५६ च्या भाषावार रचनेत हे तिन्ही भाग म्हैसूर राज्यात गेले. सातारचं राज्य टिकलं असतं तरी १९४८ ला तेही विलीन झालं असतं, आणि कानडी बोलणारं विजापूर कानडी राज्यातच गेलं असतं. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याचं १९६० मध्ये सांगली असं नाव झालं. आमच्या कथेत ही फाळणीही होते, फक्त वारणेकाठच्या माणसाच्या दस्तावर शंभर वर्षं जास्त छत्रपतींचा शिक्का राहतो.

पहिलं प्रकरण म्हणून इतकंच बदललं आहे. १८३६ चा उन्हाळा. मुंबईच्या कचेरीत एक लांबट पेटी पडून आहे. एक कारकून ती यादीप्रमाणे तपासतो, पत्राची घडी पुन्हा आत ठेवतो आणि कुणाला न विचारता साताऱ्याच्या टपालात लावतो. चौथ्या दिवशी दोन जासूद शिरवळपाशी नीरेच्या उतारावर येतात. पाणी घोट्याएवढं आहे. पुढचा पेटी डोक्यावर घेतो, मागचा काठीने खडक चाचपत चालतो, आणि दोघं पैलतीराला लागतात.