अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आतडं

बाळ खूप आधी जन्मलं की सगळ्यांचा जीव त्याच्या श्वासात अडकलेला असतो. श्वास सुधारतो, नळीनं दूध सुरू होतं, वजन वाढू लागतं. आणि दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या बाळाचं पोट अचानक फुगतं. हिरवी उलटी होते, शीमध्ये रक्त दिसतं, बाळ मलूल पडतं. हा नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस, डॉक्टरांच्या बोलण्यात एनईसी. आतड्याचा काही भाग यात मरतो, कधी त्याला भोक पडतं. दीड किलोखालच्या शंभर बाळांपैकी साधारण 5 ते 10 जणांना हा आजार गाठतो आणि त्यातली 20 ते 30 टक्के दगावतात.

यासाठी बाहेरून भयंकर जंतू यावा लागतो असं नाही. गर्भात आतड्याच्या वाढीसाठी टीएलआर-4 नावाचं प्रथिन भरपूर असतं, दिवस भरत येतात तसं ते कमी होतं. त्याचं दुसरं काम म्हणजे जिवाणू ओळखून दाह सुरू करणं. बाळ लवकर आलं, तर हे प्रथिन जोरात असतानाच आतड्यात जिवाणूंची वस्ती सुरू होते. दाह भडकतो, पेशी मरतात, रक्तपुरवठा आकसतो.

म्हणूनच आईचं दूध इथे निव्वळ आहार नाही. त्यातली प्रतिपिंडं आतड्याच्या अस्तराचं रक्षण करतात; काही शर्करा तर बाळाला पचतच नाहीत, त्या उपकारक जिवाणूंना पोसतात. 1990 च्या एका ब्रिटिश अभ्यासात केवळ पावडरच्या दुधावरच्या बाळांत हा आजार केवळ आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा 6 ते 10 पट आढळला. आईचं दूध पुरत नसेल, तर दूधपेढीतलं, म्हणजे इतर मातांनी दान केलेलं, दूध पावडरपेक्षा कितीतरी सुरक्षित. पण अतिदक्षता विभागात बाळ असलेल्या, थकलेल्या आईला दूध कमी येतं म्हणून बोल लावणं साफ चूक आहे. जन्मानंतर काही तासांतच पंप मिळणं, दिवसातून आठेक वेळा दूध काढायला मदत मिळणं, ही रुग्णालयाची जबाबदारी आहे.

मुदतपूर्व प्रसूतीची चिन्हं दिसताच आईला दिलेलं स्टिरॉइड फुफ्फुसांबरोबर आतड्यालाही वाचवतं. गरज नसताना लांबवलेली प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी औषधं मात्र धोका वाढवतात. प्रोबायोटिक्सनी, म्हणजे मुद्दाम पाजलेल्या उपकारक जिवाणूंनी, अनेक चाचण्यांत आजार कमी झाला, तरी क्वचित तेच जिवाणू रक्तात शिरतात. 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी तसा इशारा दिला. दूध झपाट्यानं वाढवण्याची भीती मात्र बरीचशी ओसरली आहे: 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 2,800 हून अधिक बाळांच्या चाचणीत दिवसाला किलोमागे 18 मिलिलिटरनं वाढवलं काय आणि 30 नं वाढवलं काय, एनईसीच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.